पडद्यावरचें घड्याळ

आमच्या माजघरांतलें लंबकाचें घड्याळ गेल्या उन्हाळ्यांत कायमचें बंद पडलें. मामंजींनीं तें घेतल्याला साठ वर्षें होऊन गेलीं होतीं. दर रविवारीं स्नान आटोपल्यावर स्टुलावर चढून त्याला चावी देणें हा त्यांच्या हयातींत त्यांचाच मान होता; पुढें तो माझ्याकडे आला. दुरुस्तीची खटपट पुष्कळ झाली, पण स्प्रिंग कोठें मिळेना, आणि गांवांतले जे एक वृद्ध गृहस्थ अशीं घड्याळें उघडूं जाणत, ते दुकान आवरून मुलाकडे राहावयास गेलेले. भिंतीवर तेवढा लांबट पांढरा डाग राहिला.

बाजारांत घड्याळांना तोटा नाहीं, हें आम्हांसही ठाऊक आहे. आंकडे उमटणारें एक घड्याळ आणलेंही होतें. परंतु सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. दिवसांतून तीन वेळां, सारख्या अंतरानें, त्यांना डोळ्यांत थेंब घालावे लागतात : सकाळीं ६, दुपारीं २ आणि रात्रीं १०. थेंब त्या आपल्या हातानें घालतात आणि वेळही आपली आपण पाहतात. कोणी आठवण केलेली त्यांना रुचत नाहीं. त्या नव्या घड्याळाचे लाल आंकडे त्यांना एकमेकांत विरघळलेले दिसत. ३ कोणता नि ८ कोणता हें कळेना. "आंकडा वाचावा लागतो. कांटे नुसते दिसतात," असें त्यांनीं सांगितलें, आणि तें घड्याळ दुसऱ्या खोलींत गेलें. दोन कांट्यांची बेचकी किती उघडली आहे आणि कोणत्या बाजूस कलली आहे, एवढ्यावरून त्या जन्मभर वेळ ओळखीत आल्या आहेत.

धाकट्या दिरांचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. अडगळींत एक जुना संगणक आणि हातभर रुंदीचा पडदा पडून होता, तो त्यानें पुसून काढला व म्हणाला, "काकू, ह्यावर मीच घड्याळ काढतों. तबकडी परातीएवढी करूं, म्हणजे आजीला कॉटवरून दिसेल." दोन संध्याकाळीं बसून त्यानें जावास्क्रिप्ट भाषेंत दोनशेंच्या वर ओळींची आज्ञावली लिहिली. पडद्यावर गोल तबकडी उमटली, तींत साठ खुणा, बारा आंकडे, तीन कांटे. सेकंदांचा तांबडा कांटा तर हंसासारखा तरंगत फिरे. घरांत सर्वांनीं कौतुक केलें. मीं आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें, म्हणून माझा अभिप्राय त्यानें मुद्दाम विचारला, आणि मींही तो भरघोस दिला. आंत काय लिहिलें आहे हें मात्र त्या दिवशीं कोणीच पाहिलें नाहीं.

चौथ्या दिवशीं दुपारची झोंप झाल्यावर मी माजघरांत आलें, तों सासूबाई थेंबांची बाटली उघडीत होत्या. घड्याळांत तीनाला दहा मिनिटें कमी. "अजून थेंब घातले नाहींत?" असें मीं विचारतांच त्या म्हणाल्या, "आतांच तर दोन वाजले." मीं पाहिलें. लहान कांटा खरोखरच २ च्या आंकड्यावर नेमका रोंवलेला होता. त्यांचें कांहीं चुकलें नव्हतें. चुकलें होतें घड्याळाचें, आणि तेंही तीन दिवस रोज. त्या तीन दिवसांत थेंब केव्हां पडले असतील देव जाणे.

पुतण्या घरीं येतांच ही गोष्ट निघाली. "पण आजी, मोठा कांटा पाहावयाचा ना!" तो म्हणाला. मोठा कांटा त्यानें शोभेसाठीं बारीक आणि फिकट आकाशी रंगाचा केला होता. "तो मला दिसतच नाहीं रे," सासूबाई म्हणाल्या, "आणि तीनाला दहा कमी असतांना लहान कांटा तीनापाशीं नको का? आपल्या घड्याळांत असे."

ह्यावर तो गप्प झाला, कारण दोष उघड होता. तास किती झाले एवढेंच पाहून त्यानें लहान कांटा काढला होता. मिनिटांकडे पाहिलें नव्हतें. बारा तासांत हा कांटा ३६० अंश फिरतो, म्हणजे तासाला ३० अंश आणि मिनिटाला अर्धा अंश. २ वाजून ५० मिनिटांनीं तो ६० अधिक २५, म्हणजे ८५ अंशांवर हवा. आमचा ६० वरच उभा. दांत्यांच्या घड्याळांत ही चूक करूं म्हटलें तरी होणें कठीण, कारण तेथें लहान कांट्याला मोठ्याच्याच चाकावरून गति मिळते. एक फिरला कीं दुसऱ्याला फिरावेंच लागतें. पडद्यावरच्या कांट्यांना असा एकमेकांचा धाक नसतो. प्रत्येकाला जेवढें सांगाल तेवढेंच तो करतो. दुरुस्ती एका ओळीची होती. कांटा जाड आणि काळा करण्याची आणखी एक.

ह्यानंतर पुतण्यानें एक शहाणपण केलें, जरी त्या वेळीं तें त्याला फारसें गोड लागलें नाहीं. आपली आज्ञावली त्यानें माझ्या जर्मनींतल्या मुलीकडे तपासावयास दिली. ती असलींच कामें करून पोट भरते. अशा सामायिक कामासाठीं गिट नांवाची एक व्यवस्था आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं लिनक्सच्या कामाकरितां २००५ मध्यें ती तयार केली. वाण्याच्या चोपडीसारखी ती समजावी. कोणी, कोणत्या दिवशीं, कोणती ओळ बदलली आणि कां बदलली, हें तींत नमूद होतें, आणि जुनी नोंद खोडतां येत असली तरी पुसली जात नाहीं. काढलेली ओळ तांबड्या रंगांत दिसते, घातलेली हिरव्या. मुलीकडून पहिला तपास परत आला तेव्हां पुतण्याचा पडदा मारुतीसारखा शेंदरी झाला होता. रात्रीं तो जेवतांना बोलला नाहीं. धाकट्या जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, "एवढें सगळें एकदम नको होतें काढावयास." मला स्वतःलाही मुलीचा थोडा राग आला. परंतु प्रत्येक तांबड्या ओळीशेजारीं तिनें कारण लिहिलें होतें, आणि तीं कारणें वाचल्यावर राग धरून ठेवणें जड गेलें.

पहिलें कारण वेळ मोजण्यासंबंधीं होतें. घड्याळ उघडल्या क्षणीं किती वाजले हें संगणकाला एकदां विचारून पुतण्या पुढचे सेकंद स्वतः मोजीत होता : एक सेकंद थांब, मोजणीत एक मिळव, चित्र काढ, पुन्हां एक सेकंद थांब. ऐकावयास हें बिनचूक वाटतें. पण "एक सेकंद थांब" ह्या आज्ञेचा खरा अर्थ "निदान एक सेकंद थांब" असा असतो. संगणकाला दुसरीं कामें असलीं तर तो जरा उशिरानें येतो, आणि चित्र काढण्यांत कांहीं वेळ जातो तो वेगळाच. दर फेरीला सेकंदाचा दोनशेंवा भाग एवढाच उशीर झाला असें धरूं. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हां दिवसाला ४३२ सेकंद, म्हणजे सात मिनिटें बारा सेकंद घड्याळ मागें पडलें! आमचें घड्याळ सायंकाळच्या बातम्यांच्या मागें राहतें हें सासूबाईंनीं आधींच सांगितलें होतें. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नव्हतें.

मुलीनें मोजणीच काढून टाकली. प्रत्येक वेळीं संगणकालाच विचारावें कीं आतां किती वाजले, आणि जें उत्तर येईल त्यावरून तिन्ही कांटे नव्यानें काढावे. थांबावयाचें तें पुढचा सेकंद लागेपर्यंतच : सेकंद लागून ४३ सहस्रांश उलटले असले तर ९५७ सहस्रांश. मग एखादी फेरी उशिरा झाली तरी तो उशीर पुढच्या फेरींत उतरत नाहीं. संगणक मध्यें निजला, वीज गेली, कांहींही झालें तरी जागा होतांच घड्याळ खरी वेळ दाखवितें.

आतां संगणकाला तरी खरी वेळ कोठून कळते? तो महाजालावरून दुसऱ्या अधिक विश्वासू संगणकांना विचारीत असतो. ही विचारपूस करण्याची रीत डेव्हिड मिल्स यांनीं बसविली आणि १९८५ मध्यें ती लेखी स्वरूपांत प्रसिद्ध झाली. तिच्यांतली युक्ति मला फार आवडली. निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत वेळ जाणारच, तेव्हां आलेलें उत्तर शिळें असणार. म्हणून जाण्यायेण्यांत किती वेळ मोडला हें मोजून त्याचा निम्मा भाग वाटेचा धरावयाचा आणि तेवढा हिशोबांत मिळवावयाचा. आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते. घटिकापात्र बुडण्याकडे डोळे लावून मुहूर्ताची घटका मोजणारे आपले पूर्वज वेळेच्या बाबतींत कमी काटेकोर नव्हते. मात्र लीलावतीच्या कथेंत पात्राच्या भोंकांत मोतीं अडकल्यावर घटका भरली कीं नाहीं हें पडताळून पाहावयास दुसरें पात्र नव्हतें, एवढेंच.

तपासाच्या दुसऱ्या भागांत माझा हात होता. कांट्याचें टोंक पडद्यावर कोठें पडावें हें काढण्यासाठीं पुतण्यानें तबकडीचे चार भाग केले होते. कांटा १२ आणि ३ यांच्यामध्यें असेल तर असें, ३ आणि ६ यांच्यामध्यें असेल तर तसें, अशा तीस-बत्तीस ओळी झाल्या होत्या. त्याची अडचण खरी होती. शाळेंत आपण कोन मोजतों तो उजव्या हाताच्या आडव्या रेघेपासून, म्हणजे ३ च्या खुणेपासून, आणि तोही उलट दिशेनें. घड्याळ मोजतें तें १२ पासून, सुलट. त्यांत पडद्याची आणखी एक तऱ्हा अशी कीं, तेथें उंची वरून खालीं वाढत जाते. बिचाऱ्यानें ह्या तीन घोटाळ्यांना तीन ठिगळें लावलीं होतीं. मीं त्याला कागदावर आकृति काढून दाखविली. कोन १२ पासून सुलट मोजला, तर कांट्याची लांबी गुणिलें कोनाची भुजज्या इतकें मध्यापासून उजवीकडे जावें, आणि लांबी गुणिलें कोटिज्या इतकें वर. पडद्यावर "वर" म्हणजे उणें. चारी भागांत ज्यांचीं चिन्हें आपोआप बदलतात. आपण बदलावीं लागत नाहींत. बत्तीस ओळी जाऊन दोन राहिल्या. तांबड्या रंगाचें त्याला ह्या वेळीं दुःख झालें नाहीं, कारण ओळी त्यानें आपल्या हातानें काढल्या.

तिसरी गोष्ट संगणकाच्या पंख्याची. आंतलें यंत्र तापलें कीं पंखा घोंघावूं लागतो, आणि आमचा जुना संगणक रात्रंदिवस घोंघावत होता. माजघरांत सासूबाई निजतात. त्यांना तो आवाज सोसवेना. दोन रात्रीं त्यांनीं घड्याळ बंद करावयास लावलें. रात्रीं बंद राहणारें घड्याळ दहाच्या आणि सहाच्या थेंबांना काय उपयोगाचें? एवढ्या क्षुल्लक कामाला यंत्रानें तापावें तरी कां, असें मीं विचारलें तेव्हां मुलीनें हिशोब मांडला. सेकंदाचा कांटा तरंगत जावा म्हणून सारें चित्र सेकंदाला ६० वेळां पुसून नव्यानें काढलें जात होतें. साठ खुणा, बारा आंकडे, तीन कांटे मिळून ७५ आकृति, सेकंदाला ४,५००! त्यांतल्या खुणा आणि आंकडे तर जन्मांत हलावयाचे नाहींत.

उपाय साधा होता. पडद्यावर एकावर एक असे दोन पापुद्रे मानावे. खालच्यावर तबकडी एकदांच काढावी आणि तिला पुन्हां हात लावूं नये. वरचा पारदर्शक, त्यावर फक्त कांटे, आणि तेही सेकंदाला एकदांच. ४,५०० च्या जागीं ३ आकृति उरल्या. पंखा त्याच रात्रीं निवला.

येथें मात्र पुतण्या अडून बसला. तरंगणारा कांटा हा त्याच्या कामाचा प्राण होता. टक्‌ टक्‌ उडी मारणारा कांटा त्याला गांवंढळ वाटे. त्याच्या ताईचें म्हणणें दुसऱ्या टोंकाचें : सेकंदाचा कांटा हवाच कशाला? थेंबांना मिनिटें पुरेत. मिनिटाला एकदां चित्र काढावें. तिनें दाखला दिला एक्सक्लॉकचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत १९८४ मध्यें एक्स विंडो सिस्टिम नांवाची जी पडद्यावरील चित्रांची व्यवस्था सुरू झाली, तिच्याबरोबर हें कांट्यांचें घड्याळ मिळत आलें आहे. तें आपण होऊन ६० सेकंदांनीं एकदांच चित्र बदलतें. ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतरानें बदलण्यास सांगितलें तरच सेकंदाचा कांटा दाखवितें. ज्याला हवा त्यानें मागून घ्यावा, असा त्याचा रोख. त्या काळचीं यंत्रें मंद, आणि चित्र पुष्कळदां दुसऱ्या यंत्रावरून तारेनें यावयाचें, तेव्हां ही काटकसर शहाणपणाची होती. मला मुलीचें पटलें. आम्हीं सेकंदाचा कांटा काढला.

दोन दिवस सर्व ठीक चाललें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं संगणक कशानें तरी गोठला आणि घड्याळ १ वाजून २० मिनिटांवर थांबलें. कोणाच्या ध्यानांत यावें कसें? थांबलेलें घड्याळ आणि चालणारें घड्याळ दिसावयास अगदीं एक! लंबक हलावयाचा थांबला कीं पूर्वीं सगळ्या घराला कळे. सासूबाई कितीतरी वेळ त्या कांट्यांकडे पाहात बसल्या आणि शेवटीं त्यांनीं मला हांक मारली. "हें जिवंत आहे कीं नाहीं हें मला कसें कळावें?" त्यांनीं विचारलें. त्या वेळीं अडीच वाजत आले होते.

सेकंदाचा कांटा परत आला. तो तरंगत नाहीं, टक्‌ टक्‌ उडी मारतो; आणि वेळ सांगण्यासाठीं नव्हे, तर नाडी म्हणून तेथें आहे. तो जाड आणि तांबडा आहे, कारण नाडी लांबून दिसली पाहिजे. यंत्राचे कष्ट कमी करतां करतां माणसाचे वाढवूं नयेत, हें मुलीनें कबूल केलें व चोपडींत तसें लिहिलें. पुतण्यानें आपला तरंगणारा कांटा वेगळ्या शाखेंत जपून ठेवला आहे. त्या चोपडींत अशी सोय असते. स्वतःच्या लॅपटॉपवर तो तोच लावतो.

आतां माझ्या फजितीची हकीकत. कांटे सेकंदाला एकदांच हलणार म्हटल्यावर त्यांच्या जागा फक्त साठ, सहा-सहा अंशांच्या अंतरानें. दर वेळीं भुजज्या नव्यानें काढण्यापेक्षां साठ ज्यांचें कोष्टक एकदां करून ठेवावें असें माझ्या मनानें घेतलें. ही आपल्याकडची जुनी रीत. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास ३ अंश ४५ कलांच्या अंतरानें २४ ज्यांचें कोष्टक दिलें. त्याच "जीवा" शब्दाचें अरबींत जीबा झालें, तें पुढें कोणी जैब असें वाचलें, जैब म्हणजे वस्त्राची चुणी किंवा खिसा असा अर्थ घेऊन लॅटिनमध्यें त्याचें सायनस केलें, आणि तोच सायनस मुलांच्या पुस्तकांत साइन होऊन परत आला. भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणींतील ज्योत्पत्तींत दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याची रीति दिली आहे. ३६ आणि ३० अंशांच्या ज्या ठाऊक असल्या कीं त्यांच्या अंतराची, ६ अंशांची, ज्या मिळते : ०.१०४५. तेथून पुढें चढत जावें. पाव वर्तुळ झालें कीं काम संपलें. उरलेलें त्याचेंच प्रतिबिंब. मीं दोन दुपारीं बसून पंधराही ज्या हातानें काढल्या आणि पुतण्याकडून त्या आज्ञावलींत घालविल्या. जुन्या मंद यंत्रांवर कारागीर असेंच करीत, हेंही मला वाचून ठाऊक होतें.

आठ दिवसांनीं मुलीचा तपास आला. माझीं पंधरा उत्तरें तांबडीं झालीं होतीं. शेजारीं दोन कारणें. पहिलें : घड्याळाला आतां सेकंदाला तीन कांट्यांच्या तीन भुजज्या आणि तीन कोटिज्या लागतात, सगळ्या मिळून सहा, तिनें मोजून पाहिलें, कोष्टकानें वांचणारा वेळ मोजण्यांतही येत नाहीं. दुसरें कारण जास्त लागलें. लहान कांटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो. साठांच्या कोष्टकांत बसविण्यासाठीं मीं त्याला बारा मिनिटें थांबवून एकदम सहा अंश सरकविलें होतें. "आई, आजीच्या डोळ्यांनीं शोधलेली चूक आपण लहान करून परत आणली आहे," असें तिनें लिहिलें होतें.

पुतण्या माझ्याकडे पाहात होता. तांबड्या पडद्यापुढें तो कसा बसला होता तें मला आठवलें. मीं चहा ठेवावयास सांगितला आणि म्हटलें, "काढून टाक." त्यानें विचारलें, "काकू, कारण काय लिहूं?" मीं सांगितलें तेंच त्यानें लिहिलें : कोष्टक सुंदर आहे, पण येथें नको. ज्या कागदावर मीं तें मांडलें होतें तो कागद मात्र त्यानें मागून घेतला आणि आपल्या वहींत ठेवला.

आज आज्ञावली सत्तर ओळींची आहे. लहान कांट्याच्या ओळीपुढें चोपडींत "सुचविणार : आजी" अशी नोंद आहे, आणि ती वाचून दाखविल्यावर सासूबाईंनीं "आणखी एक लिहा" म्हणून लगेच दुसरी सूचना केली : आंकडे देवनागरी हवेत आणि १२, ३, ६, ९ हे चारच मोठे असावेत, बाकीच्यांची गर्दी नको. तें झालें. पंखा वाजत नाहीं. दुपारीं दोनला मी उठून बाहेर येतें तेव्हां बाटलीचें बूच लागलेलें असतें.

एक काम उरलें आहे. वीज जाऊन आली कीं संगणक सुरू होतो, पण घड्याळ आपोआप उघडत नाहीं. "करावयाचें" ह्या सदराखालीं तें लिहून ठेवलें आहे, आणि परीक्षा संपेपर्यंत पुतण्याला त्यासाठीं सवड नाहीं. तोंपर्यंत वीज आली कीं माजघरांत जाऊन घड्याळ लावून देणें हें काम माझ्याकडे आलें आहे. स्टुलावर चढावें लागत नाहीं, एवढाच फरक.